सायनसचा जुना आजार आणि मागून आलेला दमा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४१. आठ वर्षांपासून दोन्ही नाकपुड्या चोंदलेल्या, वास जवळजवळ गेलेला. नाकात वाढलेलं मांस, म्हणजे पॉलिप, दुर्बिणीतून एकदा काढलं. दोन वर्षांत पुन्हा आलं. गेलं वर्षभर रात्रीचा खोकला आणि छातीत सूं सूं आवाज. छातीच्या डॉक्टरांनी दमा सांगून पंप दिला आहे. सायनसची घाण छातीत उतरून दमा झाला का? पुन्हा ऑपरेशन केलं तर दमा जाईल का? आणि नाकाचा फवारा चालू असताना पंप कशाला?

आधी तिन्हींची उत्तरं देतो. घाण छातीत उतरून दमा होत नाही. ऑपरेशनने दमा हलका पडू शकतो, जात नाही. फवारा नाकापुरतं काम करतो आणि पंप छातीपुरतं. एकावर दुसऱ्याचं भागत नाही. तुमच्या वर्णनावरून नाक आणि छाती या एकाच सुजेच्या दोन जागा दिसतात. औषधं दोन्हीकडे द्यावी लागतात ती त्यामुळेच.

मात्र निदानाची खात्री हवी. आपल्याकडे सकाळी दहा शिंका आल्या तरी ‘सायनस’ आणि कपाळ दुखलं तरी ‘सायनस’. नाक मोकळं आहे, वास येतो, फक्त डोकं दुखतं, अशा माणसाचं दुखणं बहुतेक वेळा मायग्रेन निघतं. जुना सायनसचा आजार म्हणायला १२ आठवडे किंवा जास्त त्रास हवा. त्यात नाक चोंदणं किंवा पुढून नाहीतर मागून घशात स्राव गळणं यांपैकी एक हवंच, जोडीला चेहऱ्यावर दाब किंवा वास कमी होणं. आणि दुर्बिणीत किंवा सीटी स्कॅनमध्ये तसं दिसायला हवं. सायनसचा साधा एक्स-रे या कामासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे, तरी तो अजून काढला जातो. सीटीसुद्धा भर सर्दीत करू नये. त्या दिवसांत निरोगी माणसाचे सायनसही भरलेले दिसतात. औषधं नीट घेऊन आठ-बारा आठवडे झाल्यावर, ताजी सर्दी नसताना केलेला स्कॅनच खरा.

आता सूज नाकातून छातीत जाते कशी ते बघू. नाकाच्या आतलं आणि श्वासनलिकांच्या आतलं अस्तर एकाच जातीचं आहे. पॉलिपवाल्या बहुतेक रुग्णांत या अस्तरात ‘टाइप २’ प्रकारची सूज असते. धूळ, बुरशी, विषाणू, स्टॅफिलोकोकस जंतूंची विषं यांनी अस्तर डिवचलं गेलं की इंटरल्यूकिन ४, ५ आणि १३ ही रसायनं वाढतात, अस्थिमज्जेतून इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तात येतात आणि नाक व छाती दोन्हीकडे पोचतात. वाट रक्तातून आहे, घशातून नाही. नेदरलँड्समध्ये ब्राउन्स्टाल आणि सहकाऱ्यांनी २००० च्या सुमारास याचे प्रयोग केले. अॅलर्जीची सर्दी असलेल्या पण दमा नसलेल्या लोकांच्या फक्त नाकात परागकण दिले, तर श्वासनलिकेच्या अस्तरातही इओसिनोफिल वाढले; श्वासनलिकेच्या एका फांदीत दिले तर नाक सुजलं. त्याआधी १९९० मध्ये दमा आणि सायनस दोन्ही असलेल्या रुग्णांच्या सायनसमध्ये किरणोत्सारी द्रव घालून तो कुठे जातो ते पाहिलं होतं. फुफ्फुसात तो पोचला नाही. घशात गळणाऱ्या स्रावाने खोकला येतो, ठसका लागतो, घसा खरवडल्यासारखा होतो हे खरं. पण छातीतली शिट्टी त्याची नसते.

याशिवाय एक साधी यांत्रिक गोष्ट आहे. नाक हवा गाळतं, गरम करतं आणि ओलसर करतं. ते बंद असलं की कोरडी, थंड, धुळकट हवा तोंडावाटे सरळ आत जाते. डिसेंबरच्या पहाटे चालायला गेल्यावर छाती आवळते ती बऱ्याचदा यामुळे.

पॉलिप असलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश ते निम्म्याहून अधिकांना दमा आढळतो; आकडा कुठल्या रुग्णांत मोजला यावर बदलतो. पॉलिप नसलेल्या सायनसमध्ये हे प्रमाण बरंच कमी असतं. दमा जोडीला आला की सायनसच्या आजाराचं रूप बदलतं. वास जास्त जातो, स्कॅनमध्ये डोळ्यांच्या मधले एथमॉइड सायनस गच्च भरलेले दिसतात, पॉलिप काढल्यावर लवकर परत येतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या ऑपरेशनची वेळ येण्याची शक्यता वाढते. उलट बाजूने, सायनस बिघडलेला असला की दम्याचे झटके जास्त येतात आणि तोंडाने स्टेरॉइड घेण्याची पाळी जास्त वेळा येते.

यातलं एक नुकसान फारसं कोणी मोजत नाही. अशा रुग्णांचा दमा उशिरा ओळखला जातो. खोकला ‘घशात गळतंय’ म्हणून आणि धाप ‘नाक बंद आहे’ म्हणून खपवली जाते. नाक बंद असलं तरी तोंडाने पुरेशी हवा घेता येते. त्याने दोन जिने चढून धाप लागत नाही. पहाटे तीन-चारला जाग आणणारा खोकला, हसल्यावर किंवा फोडणीच्या धुराने येणारी उबळ, श्वास सोडताना वाजणारी शिट्टी, ही दम्याची लक्षणं आहेत. शंका आली की स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुफ्फुसाची चाचणी, करा. सॅल्ब्युटामॉलचे पफ देऊन १५ मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा किमान १२ टक्क्यांनी आणि २०० मिलीने वाढली तर दम्याच्या बाजूने भक्कम पुरावा. चाचणी ‘नॉर्मल’ आली म्हणून दमा नाही असं होत नाही, कारण तो दिवसागणिक बदलतो. अशा वेळी पीक फ्लो मीटर आणून दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ, दर वेळी तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहायचा. सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांत रोज सरासरी १० टक्क्यांहून जास्त फरक पडत असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

वेदनाशामक गोळ्यांबद्दल सविस्तर लिहितो, कारण या रुग्णांत सर्वांत धोकादायक चूक इथे होते आणि ती सहज टळू शकते.

पॉलिप आणि दमा असलेल्या काही लोकांना अॅस्पिरिन आणि त्याच्या जातकुळीतल्या गोळ्या सोसत नाहीत. १९२२ मध्ये फ्रान्समध्ये विदाल यांनी हे प्रथम नोंदवलं. १९६८ मध्ये सॅम्टर आणि बीअर्स यांनी तपशिलात मांडलं, म्हणून याला सॅम्टरचं त्रिकूट म्हणतात. दमा असलेल्या प्रौढांपैकी सुमारे ७ टक्के, तीव्र दम्यात सुमारे १५ टक्के आणि पॉलिपवाल्यांत सुमारे १० टक्के लोक यात मोडतात. क्रमही बहुधा ठरलेला असतो: तिशी-चाळिशीत न हटणारी सर्दी, मग पॉलिप, मग दमा, आणि एके दिवशी दाढदुखीसाठी घेतलेल्या गोळीनंतर अर्ध्या ते तीन तासांत नाक एकदम बंद, डोळे लाल, चेहरा लाल, छाती गच्च. पहिल्याच प्रतिक्रियेत अतिदक्षता विभाग गाठावा लागलेले रुग्ण असतात. तुमचा क्रम याच्याशी जुळतो, म्हणून तुमच्याबाबत हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

ही रूढ अर्थाने अॅलर्जी नाही, त्यामुळे त्वचेची किंवा रक्ताची अॅलर्जी चाचणी यात काही दाखवत नाही. या गोळ्या कॉक्स-१ हे विकर अडवतात. त्याने ल्युकोट्राइन नावाच्या रसायनांवरचा लगाम सुटतो, आणि श्वासनलिका आवळणारी, नाक सुजवणारी रसायनं तीच. कारण रासायनिक असल्याने एक गोळी बाधली की त्या गटातली कुठलीही बाधू शकते: डिस्प्रिन, इकोस्प्रिन, ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, व्होवेरान, झेरोडॉल, केटोरॉल, पाळीच्या दुखण्यावरची मेफ्टाल स्पास. मेडिकलवाल्याने कागदात बांधून दिलेल्या ‘अंगदुखीच्या दोन गोळ्यां’त यांपैकी एक असण्याची शक्यता मोठी. डोळ्यांच्या थेंबांत डायक्लोफेनॅक किंवा केटोरोलॅक असतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ते सर्रास दिले जातात आणि त्यानेही छाती आवळू शकते. दंतवैद्य, अस्थिरोगतज्ज्ञ आणि डोळ्यांचे डॉक्टर या तिघांना स्वतःहून सांगा. ते विचारतील या भरवशावर राहू नका.

पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम बहुतेकांना चालतं. एकदम १००० मिलिग्रॅम मात्र काहींना बाधतं, कारण त्या मात्रेत तेही थोडं कॉक्स-१ अडवतं. सेलेकॉक्सिब साधारणपणे सोसतं, पण पहिली गोळी दवाखान्यात बसून घ्यावी. दारूच्या एक-दोन घोटांनी नाक बंद होणं किंवा छाती भरणं हाही या आजाराचा नेहमीचा धागा आहे. डॉक्टर विचारत नाहीत आणि रुग्ण सांगत नाहीत, म्हणून तो निसटतो.

दोन गोष्टी घरी मुळीच करू नका. ‘बाधते का बघू’ म्हणून गोळी घेऊन पाहू नका. ती परीक्षा वाढत्या मात्रांत, रुग्णालयात, श्वास मोजत करतात. आणि हृदयासाठी रोज इकोस्प्रिन चालू असून काही त्रास नसेल तर हे वाचून ती बंद करू नका. रोज घेतल्याने शरीर सरावलेलं असू शकतं. तो सराव दोन-पाच दिवसांत जातो आणि पुन्हा सुरू केलेली गोळी बाधू शकते. याच तत्त्वावर रुग्णालयात अॅस्पिरिनची सवय लावण्याचा उपचारही आहे. पॉलिप काढल्यावर काही आठवड्यांनी तो करतात आणि मग रोज बरीच मोठी मात्रा चालू ठेवतात. पोटात रक्तस्रावाचा धोका असल्याने तो निवडक लोकांसाठीच.

तपासण्यांत रक्ताचा साधा हिमोग्राम पुष्कळ सांगतो, फक्त टक्केवारी नको, इओसिनोफिलचा एकूण आकडा बघा. स्टेरॉइड चालू असताना तपासलं तर तो खोटा कमी येतो. आकडा काही शेकड्यांत असेल तर टाइप २ सूज. १००० च्या पुढे असेल, जोडीला हातापायांत मुंग्या, पाऊल लटकं पडणं, अंगावर जांभळे चट्टे असतील तर रक्तवाहिन्यांचा दाह करणारा ईजीपीए हा आजार शोधावा लागतो. तोही दमा आणि सायनसच्या वेषातच येतो. ३००० च्या वर असेल आणि रुग्ण नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीसारख्या हत्तीपायाच्या पट्ट्यातला असेल तर फायलेरियाने होणारा फुफ्फुसाचा आजार आधी डोक्यात यायला हवा, कारण त्यावर डीईसी हे वेगळं औषध आहे. रक्तातलं एकूण आयजीई, म्हणजे अॅलर्जीचं प्रतिपिंड, खूप वाढलेलं असेल, खोकल्यातून तपकिरी गाठी पडत असतील तर अॅस्परजिलस बुरशीची अॅलर्जी तपासा. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची क्षयाची तपासणी, दमा असला तरीही.

एकाच बाजूचा पॉलिप हा वेगळा विषय आहे. एकच नाकपुडी बंद, त्यातून रक्त येणं, असं असेल तर फवारे मारत बसू नका. स्कॅन आणि तुकडा तपासणी करा. बुरशी किंवा गाठ असू शकते.

आता रोजचे उपचार. आधी नाक धुणं. अर्धा लिटर पाण्यात ५ मिलीच्या चमच्याने पाऊण सपाट चमचा बारीक मीठ, म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम, आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. मीठ कमी पडलं तर झोंबतं, सोडा नसला तरी थोडं झोंबतं. दर नाकपुडीत १०० ते १२० मिली. वाकून, तोंड उघडं ठेवून, ‘आ’ म्हणत. पाणी एक मिनिट खळखळ उकळून कोमट केलेलंच हवं. आरओचं किंवा फिल्टरचं पाणीही उकळूनच वापरायचं. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यातला नेग्लेरिया अमीबा नाकावाटे मेंदूत जाऊ शकतो. असा संसर्ग दुर्मीळ आहे पण जवळजवळ नेहमी जीवघेणा, आणि नाकावाटे पाणी गेल्यानेच होतो. जलनेती करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. बाटली रोज धुऊन कोरडी करा. झोपण्याच्या तासभर आधी उरका, नाहीतर सायनसमध्ये अडकलेलं पाणी आडवं झाल्यावर घशात येऊन खोकला आणतं.

धुतल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी स्टेरॉइडचा फवारा. बहुतेक लोक डोकं मागे टाकून, बाटली सरळ मधल्या पडद्याकडे रोखून, जोरात ओढतात. अशाने औषध पडद्यावर बसून रक्त येतं आणि बाकीचं घशात जातं. योग्य रीत अशी: डोकं किंचित पुढे झुकवा, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात आणि डावीसाठी उजवा, टोक त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे, दाबताना फुलाचा वास घ्यावा तेवढाच हलका श्वास. घशात कडवट चव आली तर ओढ जास्त झाली. पॉलिपसाठी मोमेटासोनची नेहमीची मात्रा दर नाकपुडीत दोन फवारे, दिवसातून दोनदा. अॅलर्जीच्या सर्दीसाठी एकदाच. पॉलिपवाल्याला अॅलर्जीचा डोस देऊन ‘फवारा लागू पडला नाही’ असं म्हटलं जातं, हे वारंवार दिसतं. फरक कळायला आठ ते बारा आठवडे लागतात.

छातीसाठी श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड हा पाया आहे. नुसता निळा पंप, म्हणजे सॅल्ब्युटामॉल, हा दम्याचा उपचार नव्हे. २०१९ पासून जागतिक मार्गदर्शक तत्त्वांत तो एकटा वापरूच नये असं म्हटलं आहे. तो आवळलेली नळी चार-सहा तासांसाठी सोडवतो, सूज तशीच राहते. तुम्हाला दिलेल्या पंपात कुठलं औषध आहे ते वाचा. बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल असेल, उदाहरणार्थ फोराकॉर्ट, तर डॉक्टरांनी तशी योजना लिहून दिल्यास तोच पंप रोजसाठी आणि त्रास झाला तर जादाही घेता येतो. फॉर्मोटेरॉल ६ मायक्रोग्रॅमच्या पंपाचे दिवसाला एकूण १२ पफ ही प्रौढांसाठी कमाल मर्यादा. सॅल्मेटेरॉलचा पंप, उदाहरणार्थ सेरोफ्लो, असा जादा घ्यायचा नसतो. त्याला परिणामाला वेळ लागतो. त्या रुग्णाने सुटकेसाठी वेगळा पंप जवळ ठेवायला हवा.

दाबायचा पंप स्पेसरशिवाय, म्हणजे त्याला लावायच्या पोकळ नळकांड्याशिवाय, घेतला तर बरंचसं औषध घशातच आपटतं. हलवा, स्पेसरला लावा, श्वास पूर्ण सोडा, एक पफ दाबा, चार-पाच सेकंदांत सावकाश खोल ओढा, दहा सेकंद धरा. दुसरा पफ नंतर, दोन्ही एकदम नाही. रोटाहेलरची रीत उलटी: त्यात जोरात आणि झटकन ओढावं लागतं, हळू ओढलं तर पूड कॅप्सूलमध्येच राहते. दोन्हींनंतर चूळ भरून थुंका. पंपाची ‘सवय’ लागत नाही. आजार जुना असल्याने औषधही दीर्घकाळ लागतं, आणि तीन महिने ताबा चांगला राहिला की मात्रा पायरीपायरीने कमी करता येते.

मग एकाच टोकाला औषध देऊन का भागत नाही? अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, दमा काबूत नसलेल्या आणि नाक-सायनसचा जुना त्रास असलेल्या मुलांना व प्रौढांना २४ आठवडे मोमेटासोनचा फवारा दिला गेला. दम्याचा ताबा सुधारला नाही. फवारा नाकासाठी घ्यायचा, तो चांगलं काम करतो; पंप कमी करण्याचं निमित्त म्हणून घ्यायचा नाही.

काय टाळायचं हे भराभर सांगतो. हिरवा-पिवळा शेंबूड म्हणजे जंतू असं नाही, इओसिनोफिलनेही रंग येतो. दर वेळी अॅन्टिबायोटिक नको. मॉन्टेलुकास्ट-लेव्होसेट्रिझिनची गोळी अॅलर्जी असेल तर उपयोगी, पॉलिप तिने विरघळत नाहीत. आणि मॉन्टेलुकास्टने झोप उडणं, वाईट स्वप्नं, उदासी आली तर डॉक्टरांना कळवा. ओट्रिव्हिनसारखे नाक मोकळं करणारे थेंब पाच-सात दिवसांच्या पुढे वापरले की नाक त्यांच्याविना उघडत नाही. प्रोप्रॅनोलॉल, अगदी काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा, दमा भडकवू शकतात. रामिप्रिल, एनालाप्रिलने कोरडा खोकला येतो आणि तो दम्याच्या नावावर जमा होतो. लेबल नसलेल्या ‘दम्याच्या पुड्या’ झटपट गुण देतात त्यामागे अनेकदा स्टेरॉइडची भेसळ असते. मृगाला हैदराबादला जाऊन माशाचं औषध घेणारे आपल्याकडूनही जातात. त्याने दमा बरा होतो याचा पुरावा नाही. गेलात तरी पंप बंद करू नका.

तोंडाने घ्यायच्या प्रेडनिसोलोनचा मात्र हिशेब ठेवा. दोन-तीन आठवड्यांच्या कोर्सने पॉलिप आक्रसतात, वास परत येतो, छाती मोकळी होते, आणि काही महिन्यांत सगळं पूर्ववत. त्या चार दिवसांच्या सुखासाठी रुग्ण पुन्हा पुन्हा मागतात. नाकासाठी वर्षाला एक, फार तर दोन कोर्स ही मर्यादा. अडचण अशी होते की कान-नाक-घसा डॉक्टर दोन देतात, छातीचे डॉक्टर दोन देतात आणि फॅमिली डॉक्टर एक इंजेक्शन. कोणालाच बेरीज माहीत नसते. वहीच्या एका पानावर तारीख, मात्रा आणि दिवस लिहा. साखर, रक्तदाब, डोळे आणि हाडं यांवर त्याची किंमत वसूल होते. मधुमेह असताना स्टेरॉइड घेतल्यावर नाकात काळी खपली, गालाला बधिरपणा किंवा डोळ्याला सूज आली तर २०२१ चा म्युकर आठवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

ऑपरेशनचं म्हणाल तर ते उपयोगी आहे, पण अपेक्षा नीट ठेवा. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर बऱ्याच रुग्णांत झटके आणि औषधं कमी झाल्याचं दिसतं. फुफ्फुसाच्या चाचणीचे आकडे मात्र फारसे हलत नाहीत. खरा फायदा असा की सायनसची दारं उघडतात आणि औषध आत पोचतं. नंतर धुणं आणि फवारा सोडला तर दोन वर्षांत पुन्हा तिथेच येता, तुमच्या पहिल्या वेळी कदाचित हेच झालं असावं. ऑपरेशननंतर अनेक सर्जन २४० मिली मिठाच्या पाण्यात ०.५ मिलिग्रॅमची बुडेसोनाइडची रेस्प्यूल (पातळ औषधाची छोटी कुपी) मिसळून धुवायला सांगतात. त्यांच्या सल्ल्याने जरूर करा. शस्त्रक्रियेपूर्वी दमा काही आठवडे स्थिर हवा, स्पायरोमेट्री ताजी हवी, त्या दिवशी सकाळीही पंप घ्यायचा. भूलतज्ज्ञांना दमा आणि वेदनाशामकांचा इतिहास दोन्ही सांगा. ऑपरेशननंतर वॉर्डमध्ये डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन सवयीने दिलं जातं. फाइलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरांत लिहून घेतलेलं बरं.

एवढं करूनही पॉलिप आणि दमा दोन्ही आवरत नसतील तर बायोलॉजिक, म्हणजे सुजेच्या साखळीतला एखादा दुवा नेमका अडवणाऱ्या, इंजेक्शनांचा विचार होतो: ओमालिझुमॅब, मेपोलिझुमॅब, ड्युपिलुमॅब. २०२० च्या युरोपीय निकषांनुसार दोन्ही बाजूंचे पॉलिप, आधी झालेलं ऑपरेशन, आणि पुढच्या पाचांपैकी तीन गोष्टी हव्यात: टाइप २ सुजेचा पुरावा, वर्षात दोन किंवा जास्त स्टेरॉइड कोर्स, जगणं लक्षणीय बिघडलेलं असणं, वास गेलेला असणं, आणि नियमित पंप लागणारा दमा. तुमच्याकडे शेवटच्या दोन आत्ताच आहेत. ही औषधं नाक आणि छाती दोन्हीकडे एकाच वेळी काम करतात, महाग आहेत, आणि बंद केल्यावर आजार परत येऊ शकतो. १६ आठवड्यांनी गुण आहे का ते तपासून मगच पुढे जायचं. विम्याचं आधी विचारून ठेवा.

घरात धूप, अगरबत्ती, डासांची कॉइल आणि सिगारेट यांचा धूर थांबवा. हा एक बदल बाकी सगळ्या सफाईपेक्षा जास्त फळ देतो. पावसाळ्यात भिंतीची ओल आणि बुरशी, कापसाच्या जुन्या गाद्या, गणपती-दिवाळीची आवराआवर या वेळी दुसऱ्याला पुढे करा. फ्लूची लस दरवर्षी पावसाळ्यापूर्वी घ्या. वास येत नसेल तर स्वयंपाकघरात गॅसगळती ओळखणारं यंत्र लावा आणि शिळ्या अन्नाची तारीख लिहून ठेवा.

सर्दी झाली की अशा रुग्णांची छाती बहुधा एक ते तीन दिवसांत भरते. म्हणून शिंका सुरू होताच रोजचा पंप एकही वेळ न चुकवता घ्या आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली जादा मात्रेची योजना त्याच दिवशी सुरू करा, घरघर व्हायची वाट बघू नका. सुटकेचा पंप चार तासही पुरत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ९२ च्या खाली असेल तर १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत बसून राहा, आडवं होऊ नका. सॅल्ब्युटामॉल स्पेसरमधून एकेक करत ४ ते १० पफ घ्या, आणि २० मिनिटांनी गरज असेल तर पुन्हा तेवढेच. डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणं, तापासह कपाळात असह्य कळ किंवा मान ताठ होणं ही सायनसची आणीबाणी आहे. त्यात पंपाचा उपयोग नाही, कान-नाक-घसा विभाग असलेलं रुग्णालय त्याच तासात गाठायचं.